जुन्या डिझेल गाडीचा फॅन बेल्ट

बॉनेट उघडलं की इंजिनाच्या पुढच्या अंगाला रबरी फॅन बेल्ट दिसतो. अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, काही इंजिनांत वॉटर पंपही त्याच्यावरच चालतो.

डिझेल गाडीत तो जास्तच जपायला हवा. ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम डिझेल इंजिनात आपोआप पुरेसा तयार होत नाही. त्यासाठी वेगळा पंप असतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत हा पंप अल्टरनेटरच्याच पाठीला जोडलेला. म्हणजे बेल्ट तुटला, की बॅटरीचा दिवा लागतो आणि पाठोपाठ ब्रेकचं पेडलही दगडासारखं घट्ट होतं. घाट उतरताना हे फार धोक्याचं आहे.

बदलताना आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. बेल्ट कोणत्या पुलीवरून कसा गेलाय, याचा फोटो घ्या. बेल्ट उतरला की प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहाच. खरखर जाणवली तर बेअरिंग गेलंय, नवा बेल्टही टिकणार नाही. ताण बेताचा हवा: फार आवळला तर अल्टरनेटरचं बेअरिंग जातं, सैल राहिला तर गाडी सुरू करताच किंचाळतो. इंजिन थोडं चालवून बंद करा आणि ताण पुन्हा तपासा.