आधी किल्ली, मग रोटाव्हेटर

आमच्या बचत गटाकडे मिनी ट्रॅक्टर आला, तेव्हा तो चालवायला आम्ही लवकरच शिकलो. पण मागे रोटाव्हेटर जोडायचा म्हटलं की कुणाच्या तरी दादाला हाक मारायचो. दादाला सवड होईपर्यंत रानातला वापसा निघून जायचा. शेवटी ठरवलं, हेही आपणच करायचं.

रोटाव्हेटर सपाट जागी ठेवायचा. ट्रॅक्टर हळूहळू मागे घ्यायचा. तेव्हा दोन्हीच्या मध्ये कुणीही उभं राहायचं नाही. मग गिअर न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन बंद, आणि जी जोडणार तिच्याच कमरेला किल्ली. खालची डावी लिंक आधी बसवायची, मग उजवी. उजवीची उंची फिरवून कमीजास्त करता येते, म्हणून ती नंतर जुळते. त्यानंतर वरची टॉप लिंक. प्रत्येक पिनेला लॉक लावायचंच.

शेवटी पीटीओचा शाफ्ट. त्याची खटक्याची पिन दाबून तो ट्रॅक्टरच्या खाचांवर सरकवायचा. खट्ट आवाज आला तरी एकदा ओढून बघायचं. सुटला तर तो बसलेलाच नव्हता.

आता आमची चूक सांगतो. ग्रीस भरताना अडचण होते म्हणून आम्ही शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून ठेवलं होतं. एके दिवशी काडीकचरा अडकला, तो बघायला आमच्यातली एक जण चालू शाफ्टजवळ वाकली. डोक्याचा रुमाल आत ओढला गेला. गाठ सैल होती म्हणून सुटला. मानेवर फक्त ओरखडा आला, पण त्या रात्री आम्हा कुणालाच झोप लागली नाही. हा शाफ्ट मिनिटाला साधारण 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. ‘अगं बाई’ म्हणेपर्यंत पदर गुंडाळला जातो.

दुसऱ्याच दिवशी कव्हर परत बसवलं. आता पदर कमरेला घट्ट खोचून, वरून शर्ट घालून बटणं लावल्याशिवाय आमच्यातली कुणी ट्रॅक्टरकडे जात नाही. वेणीचा अंबाडा, ओढणी घरी. आणि कचरा काढायचा तर आधी इंजिन बंद.

मैत्रिणींनो, जोडणी अवघड नाही. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. घाई मात्र करू नका. वापसा पुन्हा येतो.