आधी पाणी की आधी पट्टी?

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघातलं थोडंफार गाळलं आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय "आयर्लंडमधील पाणीपट्टी" असा छापलाय. त्यामुळे मागच्या रांगेतले दोघं-तिघं आत्ताच मसाला दुधाच्या पातेल्याकडे सरकायला लागलेत, ते मला इथून दिसतंय. दूध आटायला अजून वीस मिनिटं आहेत असं आतून कळलंय, तेव्हा बसा!

बादलीपासून सुरुवात करतो. २०१३ चा ऑक्टोबर संपता संपता, ऐन हॅलोविनच्या सुमारास, डब्लिनचं पाणी रात्रीचं जायला लागलं. बॅलीमोर युस्टेसच्या केंद्रात पाणी नीट शुद्ध होईना, साठा पुरेना, म्हणून संध्याकाळनंतर पुरवठा कमी केला होता. आमच्या शेजारी एक आयरिश गृहस्थ राहतात, निवृत्त बस ड्रायव्हर. ते दारात आले आणि जरा संकोचूनच म्हणाले, "तुमच्याकडे जास्तीची बादली आहे का हो?" त्यांच्या घरी एकच होती, फरशी पुसायची. आणि आमच्याकडे? तीन बादल्या, एक टब, दोन टमरेलं, शिवाय सासूबाईंनी चाळीस किलोच्या सामानात कोंबून आणलेली स्टीलची कळशी! त्या आठवड्यात आमच्या गल्लीत आमच्या घराचा भाव एकदम वधारला.

हसलात, पण मला त्या दिवशी माझे वडील आठवले. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. सातारा जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत ते पाणीपट्टी वसुलीचे कारकून होते. मार्च महिना आला की पावतीपुस्तक काखेत मारून दारोदार फिरायचे. आणि दर तिसऱ्या दारात एकच वाक्य ऐकायचे, "पाणी येत नाही, पट्टी कसली मागताय?" दादा म्हणायचे, पट्टी आली नाही तर नवी पाइपलाइन कुठून टाकणार? समोरचा म्हणायचा, आधी लाइन टाका मग पट्टी मागा. दादांची तीस वर्षं नोकरी या एका वादात गेली. मी सिव्हिल इंजिनियर झालो, इथे येऊन ड्रेनेजच्या डिझाइनचं काम करू लागलो, तेव्हा वाटलं, चला, सुटलो त्या वादातून. कसलं सुटतोय! २०१४ मध्ये तोच वाद, त्याच शब्दांत, फक्त इंग्रजीतून, माझ्या दारात येऊन उभा राहिला.

इथला पूर्वेतिहास थोडक्यात सांगतो, कारण आपल्यापैकी बरेच जण नंतर आलेले. पूर्वी इथेही आपल्यासारखी घरपट्टी होती आणि त्यातूनच पाण्याचा खर्च निघायचा. १९७७ ची निवडणूक फियाना फॉल पक्षाने घरपट्टी रद्द करू असं सांगून लढवली आणि जिंकली. १९७८ पासून घरपट्टी गेली. आता पैसे सरकारच्या तिजोरीतून यायचे, म्हणजे सगळ्यांच्या करातून. पण ते पुरेनात, म्हणून १९८३ मध्ये कायदा करून स्थानिक संस्थांना पाण्याचे वेगळे पैसे घ्यायची परवानगी दिली. डब्लिनकरांचं म्हणणं, हे आम्ही एकदा करातून भरतोच, पुन्हा कशाला? १९९४ ते १९९६ डब्लिनमध्ये मोठी चळवळ झाली. तिचे एक पुढारी जो हिगिन्स १९९६ ची पोटनिवडणूक अगदी थोडक्यात हरले. सरकार काय समजायचं ते समजलं, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पाण्याचे पैसे माफ झाल्याची घोषणा झाली. पुढच्या वर्षी हिगिन्स निवडूनही आले.

मंडळी, पट्टी माफ झाली की पाइपला ते कळत नाही. तो आपला गंजत राहतो. डब्लिनला विकलोच्या डोंगरातून व्हार्ट्रीचं पाणी आलं ते १८६० च्या दशकात. आपल्या मुंबईला विहार तलावाचं पाणी आलं ते १८६० साली, म्हणजे जवळजवळ एकाच वयाच्या या योजना. त्या काळच्या ओतीव लोखंडाच्या नळांपैकी कितीतरी डब्लिनच्या रस्त्यांखाली राहिले. २०१४ च्या आसपास देशभरातलं शुद्ध केलेलं निम्म्याच्या जवळपास पाणी नळापर्यंत पोचायच्या आत जमिनीत मुरत होतं. २००७ मध्ये गॉलवेत पाण्यात क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू सापडला आणि नव्वद हजारांच्या आसपास लोकांना पाच महिने पाणी उकळून प्यावं लागलं. युरोपात! आपण तिकडच्या नातेवाइकांना फुशारकीने सांगत असतो ना, इकडे नळाचं पाणी थेट पितात म्हणून?

मग २००८ मध्ये बँका बुडाल्या. २०१० च्या अखेरीस ८५ अब्ज युरोंचं मदतीचं पॅकेज आलं आणि त्याच्या अटींत घरगुती पाण्याचे पैसे घ्यायचे हे कलम आलं. २०१३ मध्ये 'आयरिश वॉटर' कंपनी स्थापन झाली, आणि २०१४ च्या पहिल्या दिवसापासून चौतीस स्थानिक संस्थांकडचं पाणी नि सांडपाणी तिच्याकडे गेलं. इंजिनियर म्हणून मला हे मनापासून पटलं होतं. चौतीस ठिकाणी चौतीस पद्धती, कोणाचे नकाशे कोणाशी जुळत नाहीत, हे मी रोज बघत होतो.

पण सुरुवात कशी झाली? जानेवारी २०१४ मध्ये कंपनीच्या प्रमुखांनी रेडिओवरच्या मुलाखतीत सांगितलं की सल्लागारांवर ५ कोटी युरो खर्च झालेत. लोकांचे पगार कापलेले, नवा युनिव्हर्सल सोशल चार्ज लागलेला, नुकताच घरावरचा प्रॉपर्टी टॅक्स आलेला, आणि हे आकडे! वर काय, तर फुटपाथ खणून मीटर बसवायचं काम आधी सुरू झालं. त्या कामावर ४० कोटींच्या वर गेले. नळ फुटकेच, गळती तशीच, आणि मोजायचं यंत्र मात्र नवंकोरं. दादा असते तर म्हणाले असते, "अरे, आधी पावतीपुस्तक छापलं, मग विहीर खणायला घेतली!"

दर ठरला हजार लिटरला ४ युरो ८८ सेंट. त्यातले निम्मे पाण्याचे आणि निम्मे सांडपाण्याचे. हा दुसरा निम्मा भाग कोणाच्या लक्षातच आला नाही. आलेल्या पाण्याबद्दल सगळे बोलतात, गेलेल्या पाण्याबद्दल बोलायला लाजतात! मीटर नसलेल्या घराला, एक मोठं माणूस असेल तर वर्षाला १७६ युरो, दोन असतील तर २७८. नोंदणीसाठी घरातल्या माणसांचे पीपीएस नंबर मागितले, त्यावरून आणखी आग भडकली. आपल्याकडची चर्चा तुम्हाला आठवत असेल: आई-बाबा सहा महिने राहायला येतात, त्यांना कुठे पीपीएस नंबर आहे, त्यांच्या आंघोळी कोणत्या खात्यात धरायच्या?

ऑक्टोबर-नोव्हेंबरात लाखभर लोक रस्त्यावर उतरले. आमच्या गल्लीत मीटरवाल्यांची व्हॅन आली तेव्हा शेजारचे गृहस्थ स्वतःच्या दारासमोरच्या फुटपाथवर, मीटरच्या खड्ड्याच्या जागी, खुर्ची टाकून बसले. मला म्हणाले, "तू येतोस का आमच्या बाजूला?"

मी गेलो नाही. कारण सांगतो, लपवण्यासारखं काही नाही. आमचा नागरिकत्वाचा अर्ज तेव्हा आत होता. एखादं बिल थकलं तर त्यात खोट निघेल की काय, ही भीती. तसा काही नियम कुठे वाचला नव्हता, पण भीतीला नियम लागत नाही. आपल्या मंडळातही तेव्हा दोन तट पडले होते. एक म्हणे, आपण पाहुणे, गपचूप भरा. दुसरा म्हणे, कर भरतो तर पाहुणे कसले? मी पहिल्या तटात होतो. माझ्या दारात मीटर बसलं, त्यांच्या नाही. दोन महिने आमचं "गुड मॉर्निंग" पण जेवढ्यास तेवढं झालं.

सरकारने नोव्हेंबर २०१४ मध्ये माघार घेतली. एकट्याला जास्तीत जास्त १६०, बाकीच्या घरांना २६० युरो, आणि वर नोंदणी केलेल्या प्रत्येक घराला जलसंवर्धनाचं १०० युरो अनुदान. गंमत बघा, बिल न भरलं तरी अनुदान मिळायचं! २०१५ मध्ये युरोस्टॅटने सांगितलं, ही कसली स्वतंत्र कंपनी, हिचा हिशेब सरकारच्याच वहीत धरा. म्हणजे कर्ज काढून पाइप टाकायचा जो मूळ बेत होता तोही फसला. २०१६ च्या निवडणुकीनंतर १ जुलैपासून वसुली स्थगित, २०१७ मध्ये कायदा करून घेतलेले पैसे परत. आम्ही पाच तिमाहींचे ३२५ युरो इमानेइतबारे भरले होते, तेवढ्याचा चेक आला. शंभराचं अनुदान आमच्याकडेच राहिलं. म्हणजे पाणीपट्टी भरून मी शंभर युरो कमावले! दादांना फोनवर सांगितलं तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "असं केलं तर पुढच्या वेळी कोण भरेल?"

आता मलकापूरची गोष्ट सांगतो, म्हणजे मी हे सगळं का सांगतोय ते कळेल. कराडला लागून असलेलं हे गाव. माझा मामा तिथे राहायचा. २००९ च्या सुमारास तिथे चोवीस तास पाणी सुरू झालं. कोयनेचं पाणी, गावभर नवे प्लॅस्टिकचे पाइप, प्रत्येक नळाला मीटर, आणि दर टप्प्याटप्प्याने वाढणारा, जास्त वापरेल त्याला चढा. मामा आधी जाम चिडला होता, "मीटर कसला लावतायत, पाणी काय डिझेल आहे?" पण चार महिन्यांत त्याचा सूर बदलला. कारण मीटरबरोबर तोटीला रात्री दोन वाजताही पाणी यायला लागलं. मामीने पिंप काढून टाकलं. पूर्वी रोज सकाळी पाणी आलं की कालचं "शिळं" पाणी मोरीत ओतून द्यायचे आणि नवं भरायचे, ते बंद झालं. साठवायचं कारणच उरलं नाही, तर ओतणार काय? मामा बिल वेळेवर भरायचा आणि वर दुसऱ्यांना सांगायचा. मुंबई महापालिकेनेही २०१२ मध्ये दर वर्षी आठ टक्क्यांपर्यंत पाण्याचा दर वाढवता येईल असं धोरण केलं, मलनिःसारणाचा आकार त्याच्याच टक्केवारीत. तिथे आरडाओरड होते, पण भरतात.

मला म्हणायचंय ते एवढंच की आयरिश माणूस फुकट्या नाही आणि मलकापूरकर साधुसंत नाहीत. मलकापुरात पट्टी आणि पाणी एकाच पाइपातून घरात आलं. इथे पट्टी आधी आली आणि पाणी नंतर येईल असं सांगितलं. खुर्ची टाकून बसलेले माझे शेजारी त्या बाबतीत बरोबर होते, हे मान्य करायला मला दोन-तीन वर्षं लागली. पण त्यांचंही एक चुकलं असं मला वाटतं. जिंकल्यावर त्यांना वाटलं, विषय संपला.

विषय संपला नव्हता. २०१९ च्या ऑक्टोबरात लीक्सलिपच्या केंद्रात बिघाड झाला (नावातच लीक आहे, मी काय करू!) आणि सहा लाखांहून जास्त लोकांना पाणी उकळायची नोटीस आली. नोव्हेंबरात पुन्हा तेच. त्याच वर्षी युरोपीय न्यायालयाने सांडपाण्यावरून आयर्लंडला दोषी ठरवलं. आर्क्लोसारख्या गावाचं मैलापाणी काहीही प्रक्रिया न होता थेट अ‍ॅव्होका नदीत जायचं, ते अगदी २०२४ पर्यंत. रिंग्जएंडचं केंद्र १६ लाख ४० हजार लोकांच्या भारासाठी बांधलेलं, त्यावर कितीतरी जास्त भार पडत राहिला, म्हणून ते २४ लाखांपर्यंत वाढवायचं काम काढावं लागलं.

आता घरगुती पाण्याचा खर्च सरकार बजेटमधून देतं. दुकानं, हॉटेलं, कारखाने मात्र बिल भरतात. मीटरप्रमाणे, वर्षाला २ लाख १३ हजार लिटरच्या वर वापरणाऱ्या घराला दंडवजा आकार लावायची तरतूद २०१७ च्या कायद्यात आहे, ती वर्षानुवर्षं पुढे ढकलली गेली. कंपनीचं नाव २०२३ पासून 'इश्का एरन' झालं. कामही झालंय, ते नाकारत नाही. गळती ३७ टक्क्यांच्या आसपास आली. आर्क्लोचं केंद्र झालं. पण बजेटच्या पैशाला शाळाही मागते, हॉस्पिटलही मागतं, आणि जमिनीखालच्या पाइपाला तोंड नसतं.

याचा आपल्याशी काय संबंध? इथे बसलेल्या तरुण जोडप्यांपैकी किती जण घर शोधतायत, हात वर करा. बघा! मी ज्या फायली बघतो त्यांत घरांच्या योजना असतात. जमीन आहे, बिल्डर आहे, आणि अडलंय कुठे, तर ड्रेनेजच्या जोडणीत. ती क्षमता नसेल तर घरं उभी राहत नाहीत. पैसा हेच एक कारण नाही, हेही सांगतो. उत्तर डब्लिनसाठी क्लॉन्शॉला नवं सांडपाणी केंद्र व्हायचंय. २०१९ मध्ये परवानगी मिळाली, २०२० मध्ये हायकोर्टाने रद्द केली, २०२५ मध्ये पुन्हा मिळाली. कोणालाच ते आपल्या शेजारी नको असतं. आपल्यालाही नको असतं, क्लॉन्शॉजवळ राहणारे आपले मित्र इथे आहेत, त्यांना विचारा.

मला विचाराल तर, उद्या पुन्हा बिल आलं तर मी भरीन. पण या वेळी भीतीपोटी नाही, आणि गपचूप तर नाहीच. आमच्या भागातल्या टीडीला पत्र लिहून विचारीन, या वर्षी आमच्या रस्त्याखालचा किती पाइप बदलला? आपण आता इथले मतदार आहोत.

शेवटी एक उपयोगाचं सांगतो. गेल्या हिवाळ्यात मला पत्र आलं, तुमच्या मीटरवर चोवीस तास प्रवाह दिसतोय, बहुधा अंगणात गळती आहे. घराबाहेरच्या पाइपाची पहिली दुरुस्ती फुकट करून देण्याची योजना आहे, त्यातून माणसं आली आणि दुरुस्त करून गेली. शेजारच्यांच्या हिरवळीत मात्र चिखल झाला तेव्हाच कळलं, त्यांच्याकडे मीटर नाही. ते कुंपणापाशी येऊन मला हळूच म्हणाले, "तुझं ते मीटर कसं वाचायचं असतं?" मी त्यांना दाखवलं, तुम्हालाही सांगतो. रात्री घरातल्या सगळ्या तोट्या बंद करा, वॉशिंग मशीन बंद करा, फुटपाथवरचं छोटं झाकण उचला आणि टॉर्च मारून आकडा लिहून ठेवा. सकाळी कोणी फ्लश करायच्या आत पुन्हा बघा. आकडा पुढे सरकला असेल तर समजा, कुठेतरी गळतंय. आणि झाकण उचलताना जरा जपून, आत गोगलगायी असतात.

दूध तयार झालंय अशी खूण आलीय. चला!