आधी तळ, मग पाणी

राई, मुर्धे, मोर्वा या आमच्या भाईंदर पश्चिमेकडील गावांतून हल्ली घरोघरी संगणक आले आहेत, आणि ते जुळवून देणारी तरुण मंडळी रॅम किती, डिस्क किती याचा तपशील तोंडपाठ सांगतात. परंतु प्रोसेसरचा मायक्रोकोड नेमका केव्हा चढतो असे विचारले, की ‘अपडेट टाकलंय, काका’ एवढ्यावर माझी बोळवण होते. टाकले असेल, बाबांनो; पण केव्हा? माझी आजची सारी तक्रार या ‘केव्हा’विषयी आहे.

प्रोसेसरच्या अंतरंगात राहून आज्ञांची अंमलबजावणी करविणाऱ्या या सूक्ष्म आज्ञावलीची कल्पना मॉरिस विल्क्स यांनी १९५१ साली मांडली, हे आपणांस विदित आहेच. पुण्यात जन्मलेल्या विनोद धाम यांचा ज्याच्या घडणीत प्रमुख वाटा होता, त्या पेंटियमच्या भागाकारातील दोष १९९४ साली चव्हाट्यावर आला, तेव्हा चिप बदलून देण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि त्यापायी इंटेलला साडेसत्तेचाळीस कोटी डॉलरांची तरतूद करावी लागली. पुढील वर्षीच्या पेंटियम प्रोपासून मात्र असे काही दोष मायक्रोकोडच्या द्वारे बाहेरून दुरुस्त करण्याची सोय झाली. ही दुरुस्ती चिपवर कायमची कोरली जात नाही. वीज गेली की ती गेली. यंत्र पुन्हा सुरू झाले की ती पुन्हा चढवावी लागते.

आमच्या भागातील मिठागरांकडे पाहा. पावसाळा सरतो तेव्हा वाफ्यांच्या तळाचा चिखल झालेला असतो. गेल्या साली तो कितीही कसोशीने चोपलेला असो, त्या चोपण्याची खूणही उरत नाही. म्हणून आगरातला कष्टकरी तो तळ पायांनी तुडवितो, चोपून घट्ट करतो, आणि मगच खाडीचे पाणी आत घेतो. आधी पाणी घेतले नि तळाचे मागाहून पाहू म्हटले, तर मीठ आणि चिखल एकजीव होतात, आणि तो माल व्यापारी पाहतदेखील नाही. वीज जाणे हा प्रोसेसरचा पावसाळा. चालू होणारे कार्यक्रम हे खाडीचे पाणी. तळ दर साली चोपावयाचा, आणि पाण्याच्या आधी चोपावयाचा!

लिनक्सच्या कर्नलात मायक्रोकोड असा सर्वांआधी चढविण्याची व्यवस्था २०१३ साली ३.९ या आवृत्तीपासून आली. सुरुवातीच्या तात्पुरत्या फाइलसंचाच्या अगदी अग्रभागी मायक्रोकोड ठेवलेला असतो, आणि तोही दाबून लहान न करता जसाच्या तसा. कारण ज्या क्षणी तो हवा असतो, त्या क्षणी दाबलेला मजकूर उलगडणारी यंत्रणाच जागी झालेली नसते. बूटलोडरची फाइल हाताने लिहिणाऱ्यांनी हा क्रम विशेष सांभाळावा: मायक्रोकोडची ओळ पहिली, बाकीची दुसरी. विंडोजही हे काम आरंभीच उरकते. मदरबोर्डाच्या बायॉसमध्ये मायक्रोकोड असतोच, हे खरे. परंतु जुन्या बोर्डासाठी नवे बायॉस काढण्याचा उत्साह कारखानदारांना फार काळ राहत नाही.

आता उशिरा चढविल्याने बिघडते काय, ते ऐका. २०१४ साली हॅसवेल जातीच्या प्रोसेसरांतील टीएसएक्स या आज्ञासमूहात दोष आढळला व मायक्रोकोडने तो समूह बंद केला. ज्या यंत्रांवर हे अपडेट चालू अवस्थेत चढविले गेले, तेथे काही कार्यक्रमांनी त्या आज्ञा उपलब्ध आहेत अशी खात्री अगोदरच करून घेतलेली होती. त्यांनी आज्ञा दिली, प्रोसेसरने ती बेकायदेशीर ठरविली, आणि कार्यक्रम जागीच कोसळले. दुरुस्ती अचूक होती. वेळ चुकली होती. हे मी पुन्हा सांगतो, कारण ऐकणाऱ्याच्या मनात अचूकपणाच राहतो नि वेळ निसटते: दुरुस्ती अचूक होती, वेळ चुकली होती. याचसाठी २०२२ च्या ५.१९ आवृत्तीपासून कर्नलने उशिरा चढविण्याची वाट मूळ मांडणीत बंद ठेवली; ती उघडून कोणी वापरलीच, तर कर्नल आपल्या दप्तरी स्वतःस कलंकित म्हणून नोंदवून घेतो.

याला दुसरी बाजू आहे, तीही सांगितली पाहिजे. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरांतील स्पेक्टर या सुरक्षादोषावरील उपाय म्हणून आलेल्या मायक्रोकोडमुळे काही यंत्रे आपोआप पुन्हा सुरू होऊ लागली आणि इंटेलला तो वापरू नका असे सांगावे लागले. अशा प्रसंगी बूटच्या ओळीत एक शब्द घालून चढविणे टाळता येते. परंतु तो शब्द कोणता आणि तो कोणी, कोणत्या परिस्थितीत वापरावा, याला माझ्या वाट्याची मिनिटे आता पुरणार नाहीत, कारण निवेदक केव्हाचे घड्याळाकडे बोट दाखवीत आहेत. तूर्त एवढे करा: कर्नलच्या आरंभीच्या नोंदींत मायक्रोकोडची ओळ शोधा, आणि तीत ‘अर्ली’ असे लिहिलेले आहे की नाही, ते वाचा. नसेल, तर ज्याने यंत्र जुळवून दिले त्याला उद्याच घरी बोलवा.