हात लांब ठेवणारी अवजारं

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

आगोटीची कामं सुरू झालीत. लाकडं मांगरात भरायची, पातेरा गोळा करायचा, शेवटच्या काजूबिया वेचायच्या. ही सगळी आपल्याच हातांची कामं. आणि पाल्यात, दगडांत हात घालायचा म्हणजे जनावराची भीती आलीच.

गेल्या वर्षी आमच्या गटात एकीनं सुचवलं, "साप धरायची काठी विकत कशाला? घरीच करूया." केली. प्लास्टिकचा पाइप, त्यातून ओवलेली दोरी, पुढे फास. साप म्हणून भिजवलेला दोर खळ्यात टाकला. मी फास ओढला, दोर मधोमध अडकला. उचलला तसं त्याचं मोकळं टोक झुलत आलं आणि माझ्या मनगटाला लागलं. सगळ्या हसल्या. पडवीतून सासूबाई म्हणाल्या, "अगो, तो दोर होतो म्हणान वाचलंस!"

हसणं तिथंच थांबलं. फास सैल राहिला तर साप निसटतो, घट्ट झाला तर त्याचा कणा मोडतो. गोणपाटात भरावा, तर घोणशीचे दात गोणपाटातून आरपार येतात. साप धरणं हे शिकलेल्या सर्पमित्राचं काम. शिवाय 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदाही आहेच. मग आम्ही ठरवलं, अवजारं करायची, पण साप धरणारी नाहीत. आपला हात सापापासून लांब ठेवणारी.

पहिलं, लांब दांड्याचा आकडा. पाच-सहा फुटांचा सुका बांबू घ्या. लोहाराकडून बोटभर जाडीच्या सळीला काटकोनात वाकवून टोकाला पक्का बसवा. लाकूड, चिरा, झावळ आधी आकड्यानं ओढायचं, मग हात लावायचा. पातेरा दाताळ्यानंच ओढा, पण त्याचा दांडा लांब करून घ्या. फुरसं जेमतेम हातभर असतं, रंग सुक्या पाल्यासारखा. अंग घासून करकर आवाज करतं. तो आवाज आला की मागे सरा.

दुसरं, दाराखालची फट. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून दाराच्या खालच्या कडेला खिळ्यांनी ठोका. पट्टी जमिनीला टेकली पाहिजे. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवा.

तिसरं, कोंबड्यांचं खुराडं. मासेमारीचं जुनं नायलॉनचं जाळं आपण परसात सर्रास लावतो. त्यात साप अडकतो, मरतो, आणि सोडवायला गेलं तर चावतो. त्याऐवजी अर्ध्या इंचाची तारेची जाळी लावा.

चौथं, रात्रीची सोय. बॅटरी दाराशी एकाच खिळ्याला टांगलेली हवी. जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचा. मण्यार रात्री फिरते आणि झोपेत चावली तर पुष्कळदा कळतही नाही.

एवढं करूनही साप घरात आलाच तर मुलं बाहेर काढा. एकीनं सात-आठ फुटांवरून नजर ठेवायची, दुसरीनं वनविभागाच्या 1926 वर फोन करायचा. धामण असेल तर वाट मोकळी ठेवा. ती बिनविषारी, उंदीर खाणारी.

आणि दंश झालाच तर? त्या हातातल्या बांगड्या, अंगठी लगेच काढा. पायाला असेल तर पैंजण, जोडवी काढा. सूज चढली की ती रुततात. हातपाय फळीला ओढणीनं सैल बांधा, हलवू नका. करकचून आवळायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. मांत्रिकाकडे एक मिनिटही घालवू नका. 108 ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा. साप मारून सोबत नेऊ नका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर लस एकच आहे.

एक काम या आठवड्यातच करा. गटातल्या दोघींनी जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारायचं, सर्पदंशाची लस इथं आहे का? नसेल तर कुठं मिळेल? उत्तर आणि हे दोन फोन नंबर चुलीजवळच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवा. आमच्या घरी लिहिलेत.

तो फासाचा पाइप? त्याला आता दोडक्याचा वेल चढलाय.