तुपाच्या जागी काय आलं?

(वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



रक्ततपासणीचा कागद घरी येतो, एलडीएलचा, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलचा, आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो आणि त्याच संध्याकाळी घरात बंदी लागू होते. तूप बंद. अंड्याचा बलक बंद. शेंगदाण्याची चटणी बंद. 'बाबांच्या भातावर तूप घालू नकोस गं,' असं मुलगी आईला बजावते. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी होते आणि आकडा जवळजवळ तिथेच असतो. मग ही मंडळी आमच्यासारख्या आहारतज्ज्ञांकडे येतात आणि म्हणतात, 'आम्ही तर सगळं सोडलं!'

अशा वेळी मी विचारते, तूप गेलं, त्याच्या जागी काय आलं? थोडं थांबून उत्तर येतं. सकाळी तूप-पोळी असायची, आता चहाबरोबर खारी किंवा टोस्ट. दाण्याचा लाडू गेला, तिथे बिस्किटं आली. अंडं गेलं आणि नाश्त्याला पांढरा ब्रेड आला. आज मी बोलणार आहे ते या 'जागी काय आलं' याबद्दल, कारण कोलेस्टेरॉलवरच्या शंभर वर्षांच्या संशोधनातून आहाराविषयी घरी नेण्यासारखं सर्वांत मोलाचं जे हाती आलं आहे, ते हेच आहे असं माझं ठाम मत आहे.

थोडं शरीरशास्त्र सांगते. कोलेस्टेरॉल हे विष नाही. पेशींची आवरणं, पित्तरस, अनेक संप्रेरकं आणि ड जीवनसत्त्व तयार व्हायला ते लागतं. शरीरातलं बहुतांश कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करतं आणि त्यात यकृताचा वाटा मोठा असतो. ताटातून थेट येणारं त्या मानानं कमी. म्हणून एका अंड्यातल्या साधारण 200 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलचा जेवढा धसका आपण घेतला, तेवढा घ्यायचं कारण नव्हतं. अमेरिकेनं आपल्या आहारविषयक मार्गदर्शनातून रोजच्या 300 मिलिग्रॅमची जुनी मर्यादा 2015 साली काढून टाकली. खरा प्रश्न यकृताचा आहे. रक्तात फिरणारे एलडीएलचे कण यकृत किती उचलतं, यावर तुमच्या कागदावरचा आकडा मोठ्या प्रमाणात ठरतो. ते उचलण्यासाठी यकृताच्या पेशींवर रिसेप्टर असतात. डॅलसमधल्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी हे रिसेप्टर शोधले आणि 1985 चं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं. आहारात संपृक्त स्निग्धांश, म्हणजे लोणी, तूप, चरबी, पामतेल, खोबरेल यांतला थिजणारा भाग जास्त झाला की या रिसेप्टरांचं काम मंदावतं. एलडीएल रक्तात साचतं आणि वर्षानुवर्षं रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरत राहतं.

म्हणजे तूप निर्दोष, असं मी म्हणते आहे का? नाही. तुपात साठ टक्क्यांहून अधिक भाग संपृक्त असतो. हिशेब करा. वरणभातावर सोडलेल्या छोट्या चमचाभर तुपात, म्हणजे 5 ग्रॅममध्ये, साधारण 3 ग्रॅम संपृक्त स्निग्धांश आहे. 2000 कॅलरी खाणाऱ्या आणि एलडीएल वाढलेल्या माणसाला दिवसभरात साधारण 15 ग्रॅमपर्यंत मुभा असते. त्यात तो चमचा बसतो. न बसणारी गोष्ट वेगळी आहे. तो चमचा आणि शिवाय सायीचं दूध, शिवाय फरसाण, शिवाय बेकरीतला पुडा, हे सगळं त्यात बसत नाही.

आणि त्या पुड्यात काय आहे, ते आता पाहू. तुपाला स्वस्त पर्याय म्हणून वनस्पती तूप आपल्याकडे 1930 च्या दशकात रुजलं. वनस्पती तेलात हायड्रोजन सोडून ते घट्ट करायचं, रवाळ दिसेल असं करायचं. लग्नाच्या पंगतीपासून मिठाईच्या दुकानापर्यंत ते सगळीकडे पोहोचलं. या प्रक्रियेत तयार होणारे ट्रान्स फॅट संपृक्त स्निग्धांशापेक्षाही वाईट निघाले. ते एलडीएल वाढवतात आणि चांगलं म्हणतात ते एचडीएलही खाली आणतात. जे तुपाच्या जागी आणलं, ते तुपापेक्षा घातक होतं, हे कळायला आपल्याला कित्येक दशकं लागली! भारतात तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची कमाल मर्यादा जानेवारी 2021 मध्ये 3 टक्क्यांवर आणि जानेवारी 2022 मध्ये 2 टक्क्यांवर आणली गेली. ही फार मोठी गोष्ट झाली आणि तिचं श्रेय अन्नसुरक्षा यंत्रणेला मोकळेपणानं द्यायला हवं. पण तेवढ्यानं खारी पथ्याची होत नाही. ट्रान्स फॅट कमी करताना अनेक उत्पादकांनी पामतेलाचा आधार घेतला आणि पामतेलात जवळपास निम्मा भाग संपृक्त आहे. वर मैदा, वर साखर. पाकिटावर 'कोलेस्टेरॉलमुक्त' असं लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका. कोलेस्टेरॉल फक्त प्राणिज पदार्थांत असतं. कोणत्याही वनस्पती तेलात ते मोजण्याइतकं नसतंच.

आता तुम्हाला दूर फिनलंडला नेते. रशियाच्या सीमेला लागून उत्तर कारेलिया नावाचा प्रांत आहे. जंगलं, तळी, दुग्धव्यवसाय. 1970 च्या सुमारास तिथले कर्ते पुरुष हृदयविकारानं इतक्या संख्येनं दगावत होते की जगात तसं उदाहरण क्वचितच होतं. लाकूडतोडे, शेतकरी, अंगमेहनत करणारी माणसं. तेव्हा केवळ कष्ट केले की कोलेस्टेरॉल आपोआप ताब्यात राहतं, हा समज मनातून काढून टाका. पावावर जाड लोण्याचा थर, सायीचं दूध, चरबीचं मांस आणि भरपूर मीठ हा त्यांचा आहार होता. 1971 साली तिथल्या लोकप्रतिनिधींनी सरकारकडे मदतीसाठी अर्ज केला आणि 1972 मध्ये पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरकडे प्रकल्प सोपवण्यात आला. त्यांचं वय तेव्हा तीसच्या आत होतं.

पुस्का यांनी जे केलं, ते मला अतिशय महत्त्वाचं वाटतं. दवाखान्यात बसून एकेका रुग्णाला 'लोणी सोडा' असं सांगून हे होणार नाही, हे त्यांनी ओळखलं. लोणी सोडलं तर पावाला काय लावायचं, हा प्रश्न त्या गावातल्या स्वयंपाकघराचा होता. म्हणून ते मार्था या गृहिणींच्या जुन्या संघटनेकडे गेले. या बायकांनी गावोगाव एकत्र स्वयंपाकाचे कार्यक्रम केले, रोजचेच पदार्थ कमी चरबीत, जास्त भाज्या घालून करून दाखवले आणि सगळे मिळून जेवले. सॉसेज बनवणाऱ्याशी बोलणी झाली आणि चरबीच्या काही भागाऐवजी त्यात मश्रूम आलं. त्या थंड हवेत येणारं, मोहरीच्याच कुळातलं तेलबी वाढवलं गेलं आणि लोण्याच्या जागी त्याचं तेल आलं. दूध-लोण्यावर पोट असलेले शेतकरी चिडले, आणि ते स्वाभाविकच होतं. त्यांच्यापैकी काहींना बेरी फळांच्या लागवडीकडे वळण्यासाठी मदत देण्यात आली. पुढे तर कोणत्या गावाचं सरासरी कोलेस्टेरॉल जास्त उतरतं, अशा गावागावांत स्पर्धा लागल्या.

तिथल्या पुरुषांचं सरासरी एकूण कोलेस्टेरॉल 1972 मध्ये आपल्या मापात सुमारे 267 होतं. 2007 पर्यंत ते 207 च्या आसपास आलं. कर्त्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकारानं होणारे मृत्यू पुढच्या चार दशकांत 80 टक्क्यांहून अधिक घटले. त्यात धूम्रपान आणि रक्तदाब कमी होण्याचा, नव्या औषधोपचारांचाही वाटा आहे. पण अभ्यासकांच्या मते त्या घटीत कोलेस्टेरॉल उतरण्याचा वाटा मोठा आहे आणि तो प्रामुख्यानं ताटातून आला.

यातून आपण काय उचलावं? माझ्या मते, घरातल्या एका माणसासाठी वेगळं 'पथ्याचं' करणं बंद करावं. सगळ्यांसाठी एकच भाजी आणि तीच बरी. तेलाचा डबा घरातल्या बाईंनी उघडून पाहावा, आणि बाबांनीही पाहावा, कारण किराणा अनेकदा तेच आणतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2000 कॅलरींच्या आदर्श ताटात दिवसाला 27 ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. चार जणांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल, तर माणशी 38 ग्रॅम होतात आणि त्यात तूप, लोणी आणि बाहेरचं खाणं धरलेलंच नाही. तो डबा साडेतीन लिटरवर आणा. तळणीचं उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. हॉटेलांसाठीसुद्धा 2018 पासून यावर नियम आहेत, मग घरच्या कढईनं का मागे राहावं?

कोणतं तेल, हा प्रश्न येणारच. शेंगदाणा तेल ठीक आहे. आपल्या सोलापूर-मराठवाड्याचं करडई तेल तर फारच चांगलं, कारण त्यातला संपृक्त भाग दहा टक्क्यांच्या आसपासच असतो. परभणीच्या कृषी विद्यापीठानं 'परभणी कुसुम' हे करडईचं वाण दिलं, पण काटेरी पिकाच्या काढणीला माणसं मिळेनात आणि भावही धड मिळेना, म्हणून करडईचं क्षेत्र आटत गेलं. फिनलंडनं आपल्या हवेत येणारं तेलबी लोकांच्या ताटापर्यंत आणलं. आपल्याकडे ते मुळात होतं आणि आपण पामतेलाची जहाजं बंदरावर उतरवून घेतो, याचं मला मनापासून दुःख आहे. कोकणातल्या आणि गोव्याच्या मंडळींना एवढंच सांगते की माशांबद्दल माझी तक्रार नाही, ते अवश्य खा. पण खोबरेल तेलात नव्वद टक्के संपृक्त भाग असतो. अलीकडे त्याला जे औषधी गुण चिकटवले जातात, त्यांना एलडीएलच्या बाबतीत आधार नाही.

आतापर्यंत काढून टाकण्याबद्दल बोलले. आता घालण्याबद्दल, कारण तिकडे दुर्लक्ष होतं. टोरंटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी 2003 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला कमी चरबीचा नेहमीचा आहार, दुसऱ्याला त्याच्या जोडीला लोव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन औषधाची 20 मिलिग्रॅमची गोळी आणि तिसऱ्याला बदाम, सोयाबीनची प्रथिनं, वनस्पती स्टेरॉल आणि बुळबुळीत तंतूंचे पदार्थ. या शेवटच्या यादीत ओट, जव, इसबगोल होतं, आणि हो, भेंडी आणि वांगंही होतं! चार आठवड्यांत पहिल्या गटाचं एलडीएल 8 टक्के उतरलं, गोळीवाल्यांचं सुमारे 31 टक्के, तर तिसऱ्या गटाचं साधारण 29 टक्के. मात्र त्या वेळी जेवण बहुतांशी प्रयोगकर्त्यांनीच पुरवलं होतं. पुढे 2011 मध्ये लोकांनी आपापल्या घरी हा आहार पाळला तेव्हा सहा महिन्यांत सुमारे 13 टक्के घट झाली. घरी जमतं ते एवढं. तरीही हे 13 टक्के क्षुल्लक नाहीत.

हे तंतू काम कसं करतात? पित्तरसातली आम्लं आतड्यात आपलं काम करून परत यकृताकडे जातात. भेंडीचा बुळबुळीतपणा, इसबगोलाचा लगदा त्यांतली काही धरून ठेवतो आणि शौचावाटे बाहेर नेतो. यकृताला नवा पित्तरस करावा लागतो, त्यासाठी कोलेस्टेरॉल लागतं आणि ते रक्तातलं एलडीएल उचलतं. रोज साधारण 10 ग्रॅम इसबगोल घेतलं तर एलडीएल सुमारे 7 टक्के उतरू शकतं. मात्र ते भरपूर पाण्यातून घ्यावं आणि औषधांच्या वेळेपासून दोन तास दूर ठेवावं. रोज वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण खाल्लं तर साधारण 5 टक्के. मटकी, चवळी, हरभरा, मसूर हे काही परदेशातून मागवायला नकोत. जवसाची चटणी, कारळ्याची चटणी, मूठभर शेंगदाणे, जवाच्या पिठाची जोड दिलेली ज्वारीची भाकरी या सगळ्याला ताटात जागा करा. खारी गेली की तिथे भाजलेले चणे-दाणे येऊ द्या.

आपल्या लोकांबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. भारतीयांच्या रिपोर्टात एलडीएल फार नसतानाही ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी, जास्त आणि एचडीएल कमी, अशी जोडी वारंवार दिसते. 52 देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका साधारण 53 व्या वर्षी आलेला आढळला, तर इतरांना 59 व्या वर्षी. ट्रायग्लिसराइड वाढवण्यात साखर, मैदा, दारू आणि पोटाचा घेर यांचा हात मोठा. म्हणून चतुर्थीच्या उपवासाला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर गोड दही घेऊन कोणी 'आज हलकं खाल्लं' म्हणालं की मी अस्वस्थ होते. साबुदाण्यात जवळजवळ निव्वळ पिष्ट असतं, तंतू नाहीतच. उपवास अवश्य करा. त्या दिवशी भगर, दाण्याची आमटी, काकडी आणि ताक घ्या. इथे चालण्याचाही उपयोग आहे. एलडीएल चालण्यानं थोडंच हलतं, पण ट्रायग्लिसराइड चांगलं उतरतं. आठवड्याला दीडशे मिनिटं, दम लागेल पण बोलता येईल इतक्या वेगानं चाला. तंबाखू आणि मिश्री यांना मात्र कोणतीही सूट नाही.

दुधीच्या रसाबद्दल इथे बोलायलाच हवं. 'ब्लॉकेज उघडतात' म्हणून सकाळी कच्च्या दुधीचा रस पिणारे लोक या सभागृहातही असतील. त्यानं रक्तवाहिनीतला अडथळा उघडतो याला पुरावा नाही. दुधी कडू निघाला तर त्यातल्या द्रव्यांनी रक्ताच्या उलट्या होऊन जीव गेल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. दुधीची भाजी खा, रस पिऊ नका.

शेवटी गोळीबद्दल. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी 1970 च्या दशकात एका बुरशीतून पहिलं स्टॅटिन शोधलं. त्या औषधांनी असंख्य माणसांचे प्राण वाचवले आहेत. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी काही जण आहार सुरू केल्याबरोबर परस्पर गोळी बंद करतात. असं करू नका. झटका येऊन गेला आहे, अँजिओप्लास्टी झाली आहे किंवा मधुमेह आहे, त्यांनी गोळी आणि आहार हे दोन्ही सांभाळायचं आणि गोळीचा डोस ठरवायचं काम डॉक्टरांवर सोपवायचं. बाकीच्यांनी आहार बदलल्यावर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करून घ्यावी. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2024 च्या मार्गदर्शनानुसार जोखीम कमी असेल तर एलडीएल 100 च्या खाली हवं, जोखीम जास्त असेल तर 70 च्या आणि अतिशय जास्त असेल तर 55 च्या खाली.

आणि तुमचं एलडीएल 190 च्या वर असेल, किंवा घरात कोणाला पन्नाशीच्या आत झटका आला असेल, तर केवळ आहारावर विसंबू नका. रिसेप्टरच जन्मतः कमी असण्याचा दोष सुमारे अडीचशे ते तीनशे माणसांमागे एकात असतो आणि तो आईवडिलांकडून येतो. त्यात कोणाच्या जिभेचा दोष नाही. अशा घरात भावंडांची तपासणी करून घ्या आणि मुलांचीही, ती अगदी बारीक, खेळती आणि निरोगी दिसत असली तरी.