वही आपली हवी
(घाटकोपर येथील भाषण)



कपाशी-ज्वारी सोडून घाटकोपरला पोटासाठी आलेली आपली पोरंही आज समोर बसली आहेत.

जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ कादंबरीत सरकार चॉकलेटचं रेशन ३० ग्रॅमवरून २० वर आणतं. दुसऱ्याच दिवशी म्हणतं, वाढवून २० केलं! लोक आभार मानतात. जुनी वर्तमानपत्रंही बदलली जातात. एकटा विन्स्टन चोरून वहीत लिहितो.

ऑर्वेलचा जन्म १९०३ चा, बिहारातल्या मोतीहारीचा. वडील सरकारी अफू खात्यात. त्या अफूला गिऱ्हाईक एकच, सरकार. एकाधिकार खरेदी १९७२ साली आली आणि आपणही तेच भोगलं: कापूस आपला, पण दुसऱ्याला विकला तर गुन्हा.

गिऱ्हाईक एक आणि हिशेबही त्याच्याच हातात, तिथं माणूस मोकळा नाही. पावती जपा. वजन-भाव आपल्या वहीत लिहा.