पुस्तक, लेखणी आणि मोटारसायकल

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावर आजवर प्राध्यापक बोलले, डॉक्टर बोलले, वकील बोलले. यंदा कार्यकर्त्यांनी आमच्यासारख्या डिप्लोमावाल्याला उभे केले आहे. राज्य सरकारच्या एका खात्यात गाड्यांच्या देखभालीचे काम आम्ही पाहतो. साहित्यावर बोलण्याचा अधिकार आमचा नाही. पण वर्गात लेखन शिकवणारा आणि घरी स्वतःची मोटारसायकल स्वतःच उघडून बसणारा एक प्राध्यापक होऊन गेला. तो अर्धा तुमचा आणि अर्धा आमचा. त्याच्याविषयी बोलायची परवानगी असावी.

त्यांचे नाव रॉबर्ट पिर्सिग. जन्म १९२८ चा, अमेरिकेतल्या मिनियापोलिसचा. तरुणपणी ते आपल्या देशात येऊन काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात तत्त्वज्ञान शिकले. पुढे मोंटाना राज्यातल्या बोझमन या लहान गावी कॉलेजात लेखन शिकवू लागले. मध्ये मनाचे मोठे आजारपण आले, इस्पितळ झाले, विजेचे झटके झाले. १९६८ साली अकरा वर्षांच्या मुलाला, ख्रिसला, मागे बसवून ते मिनेसोटाहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत होंडा मोटारसायकलवर गेले. त्या प्रवासावर त्यांनी जे पुस्तक लिहिले, ते म्हणजे 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेंटेनन्स'. त्या वेळी ते संगणकाच्या माहितीपुस्तिका लिहिण्याची नोकरी करीत होते, म्हणून पहाटे दोनला उठून कामावर जाण्याआधी लिहीत. १२१ प्रकाशकांनी नकार दिला, १९७४ साली पुस्तक निघाले आणि लाखोंनी खपले. नोकरीमुळे लिहायला वेळ मिळत नाही असे म्हणणाऱ्या आम्हा सरकारी मंडळींनी ही पहाटेची वेळ जरा लक्षात ठेवावी.

आम्हाला हे पुस्तक आबिड्सच्या रविवारच्या जुन्या बाजारात मिळाले. नावावरून वाटले, मोटारसायकल दुरुस्तीचे असेल. तसे ते नाही, हे लेखक सुरुवातीलाच सांगतो. तरी त्यातल्या दुरुस्तीच्या गोष्टी इतक्या खऱ्या आहेत की कुठल्याही गॅरेजमधल्या उस्तादाने मान डोलवावी. त्यातल्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट दुकानाची. पिर्सिग आपली गाडी एका दुकानात देतात. तिथे रेडिओ मोठ्याने चाललेला, पोरे हसत-खिदळत काम करताहेत. गाडी बिघडूनच परत येते. खरा दोष निघतो तेलाच्या मार्गातल्या एका क्षुल्लक पिनेत. पिर्सिग म्हणतात, त्या पोरांना काम येत नव्हते असे नाही. ती तिथे हजरच नव्हती. हात गाडीवर आणि मन भलतीकडे. आपुलकी नसेल तर कौशल्य असूनही काम बिघडते.

दुसरी गोष्ट वहीची. इंजिन उघडताना खाली वर्तमानपत्र पसरा आणि काढलेले भाग क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडा, असे ते सांगतात. काय काढले, कुठे काय दिसले, ते वहीत टिपा. बिघाडही नेमका लिहा. 'वायरिंगमध्ये काय बिघडले?' असे लिहू नका, कारण दोष वायरिंगचाच आहे हे अजून ठरलेले नाही. 'गाडी चालू का होत नाही?' एवढेच लिहा. जितके ठाऊक, तितकेच कागदावर. आमच्या खात्यात या एका नियमाने कितीतरी अहवाल निम्मे होतील! आणि लेखनाचाही याहून चांगला नियम आम्हाला ठाऊक नाही.

तिसरी गोष्ट विटेची. हीच आज मुख्य सांगायची आहे. बोझमनच्या वर्गात एक कष्टाळू मुलगी होती. तिला अमेरिकेवर पाचशे शब्द लिहायचे होते आणि काहीच सुचेना. सरांनी सांगितले, फक्त बोझमनवर लिही. तेही जमेना. मग म्हणाले, मुख्य रस्त्यावर लिही. तरी कागद कोरा. शेवटी सर चिडून म्हणाले, रस्त्यावरच्या ऑपेरा हाऊसच्या दर्शनी भिंतीवर लिही, वरची डावीकडची पहिली वीट धर. मुलगी समोरच्या खानावळीत जाऊन बसली आणि पाच हजार शब्द लिहून घेऊन आली. ती अडली होती कारण इतरांनी आधी म्हटलेले आठवायचा प्रयत्न करत होती. विटेबद्दल आधी कुणी काही म्हटलेलेच नव्हते. मग तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे लागले.

आता आपल्या घरी या. दरवर्षी स्मरणिकेसाठी लेख मागवले जातात आणि दरवर्षी तीच चार-पाच नावे छापून येतात. तरुणांना विचारले तर म्हणतात, 'काका, मराठीत काय लिहायचे? आम्हाला येत नाही.' कारण आपण त्यांना विषय देतो 'मराठी संस्कृती' किंवा 'हैदराबादेतील मराठी माणूस'. हे म्हणजे अमेरिकेवर पाचशे शब्द झाले. यावर आम्हालाही दोन ओळी सुचणार नाहीत.

त्यांना वीट द्या. घरात तांब्याचा बंब पडून आहे, त्यावर लिहू द्या. पणजोबांना पगार हाली सिक्क्यात मिळे आणि दफ्तराचे काम उर्दूत चाले. त्यांचा एखादा कागद पेटीत असेल, तर त्या एका कागदावर लिहू द्या. सुलतान बाजारातली एक पायरी, विवेक वर्धिनीतला एक वर्ग, मराठी ग्रंथ संग्रहालयातले एक कपाट, आजीच्या हातची एक भाजी, एवढे पुरे.

हे सोपे नाही, याची कल्पना आहे. २०१८ च्या कायद्याने आपल्या राज्यातल्या सगळ्या शाळांत तेलुगू अनिवार्य झाली. ते योग्यच आहे. ज्या गावात राहायचे त्याची भाषा आलीच पाहिजे. पण मराठी आता शाळा शिकवील या भरवशावर राहता येत नाही. आजोबांची पत्रे पेटीत आहेत आणि नातवाला ती वाचता येत नाहीत, अशी घरे आज या मंडपातच किती आहेत, ते ज्याचे त्याने मोजावे. ज्या दिवशी ती पत्रे वाचणारे घरात कुणी उरणार नाही, त्या दिवशी ती रद्दीत जातील. भाषा म्हणजे दुकानात सोडून संध्याकाळी परत आणायची गाडी नव्हे. ती घरीच, स्वतःच्या हाताने उघडावी लागते.

चौथी गोष्ट पॅकिंगची. पिर्सिगांच्या प्रवासात एक मित्र महागडी बीएमडब्ल्यू घेऊन असतो. तिचे हँडल क्लॅम्पमध्ये सैल होऊन फिरू लागते. पिर्सिग म्हणतात, बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पातळ पट्टी कापून मध्ये घालू. ॲल्युमिनियमचा पत्रा मऊ असतो, गंजत नाही, यासाठी उत्तम. मित्राला ते अपमानास्पद वाटते. माझ्या एवढ्या गाडीला डब्याचा पत्रा? हँडल सैल ते सैलच राहते.

आपल्या मुलांच्या मराठीचे असेच होते. मूल धीर करून बोलते, त्यात 'हौ' येते, 'परेशान' येते, एखादा तेलुगू शब्द येतो, आणि आपण लगेच टोकतो. पुण्याचे पाहुणे हसले की मूल पुन्हा तोंड उघडत नाही. आमचे म्हणणे असे की जो शब्द हाताशी आहे तो मध्ये घालावा आणि वाक्य घट्ट बसवावे. अहो, या शहराचा सुप्रसिद्ध 'नक्को' तरी कुठला? आपल्याच 'नको'पासून दखनीने घेतला. देवाणघेवाण जुनीच आहे.

लेखन कुणासाठी करायचे, याचे उत्तर मात्र आम्हाला आपल्याच माणसाकडून मिळाले. प्रा. नरहर कुरुंदकर शिकायला हैदराबादेत होते, मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्याकडे. नांदापूरकर उस्मानिया विद्यापीठात मराठी शिकवीत. पुढे कुरुंदकर नांदेडला प्राध्यापक झाले, मोठे विचारवंत झाले. रणजित देसाई 'श्रीमान योगी' लिहीत असताना कुरुंदकरांनी त्यांना शिवाजी महाराजांविषयी एक दीर्घ पत्र लिहिले. तेच पत्र कादंबरीची प्रस्तावना म्हणून छापले गेले आणि आजही ते लोक कादंबरीइतकेच आवडीने वाचतात. हे सगळे एका माणसाला, त्याच्या एका कामासाठी लिहिलेले. म्हणजे समोर हजार वाचक असावेत असे नाही. एक माणूस डोळ्यांपुढे असला की पुरते.

पिर्सिगांच्या पुस्तकाच्या मुळाशीही मागे बसलेला मुलगाच आहे. पुस्तकभर ते यंत्र, गुणवत्ता, तत्त्वज्ञान यांवर बोलतात, पण मुलाशी बोलणे त्यांना जमत नाही, आणि खरी दुरुस्ती तिथेच हवी असते. ती शेवटी होते. पुढे १९७९ मध्ये ख्रिसची सॅन फ्रान्सिस्कोत हत्या झाली. तेव्हा वाटते, त्या सतरा दिवसांच्या प्रवासात बाप-लेक एका गाडीवर होते आणि ते लिहून ठेवले गेले, हे किती बरे झाले. पिर्सिग २०१७ साली गेले. ती होंडा आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

आता प्रस्ताव मांडतो आणि थांबतो. पावतीपुस्तकाच्या टेबलावर उद्यापासून एक वही राहील. प्रत्येक घराने आपली एक वीट त्यात नोंदवावी, म्हणजे फक्त वस्तूचे वा जागेचे नाव. दिवाळीपर्यंत त्यावर एक पान लिहून द्यावे. मुलाला लिहिता येत नसेल तर मोठ्यांनी सांगावे आणि त्याने, चुका करत का होईना, स्वतःच्या हाताने देवनागरीत उतरवावे. समोर बसलेल्या या देवानेही हेच केले. व्यासांनी सांगितले, गणपतीने लिहिले. आणि अट अशी होती की अर्थ कळल्याशिवाय लिहायचे नाही. ही अट आपल्या पोरांनाही घालू. त्यांना कळले नाही की ती विचारतील, आणि त्यांनी विचारले की आपल्याला सांगावे लागेल.

चुका सुधारायला संपादक मंडळ आहे. कोरा कागद मात्र कुणालाच सुधारता येत नाही.

गणपती बाप्पा मोरया!